उन्हासाठी आलेली माणसं परत का जातात

घर हलवून देणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं काम करते आहे. माझं काम ट्रक येण्याच्या आधीचं. ग्राहकाच्या घरी जायचं, खोल्याखोल्यांतून फिरून सामानाची यादी करायची, काय न्यायचं, काय विकायचं, काय देऊन टाकायचं ते त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं. आमच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे एकच शब्द लिहितात. नोकरी, शिक्षण, निवृत्ती. पण कपाटं उघडायला लागलो की माणसं बोलायला लागतात, आणि रकान्यात न मावलेलं कारण तेव्हा बाहेर येतं.

मी राहते तो प्रदेश उबदार आहे, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं. म्हणून माझ्याकडे दोन्ही तऱ्हेची माणसं येतात. ढगाळ, गारठलेल्या गावांतून ऊन शोधत आलेली, आणि काही वर्षांनी इथून निघालेली. कितीदा तर तीच माणसं. ज्यांचं सामान उतरवून घेतलं त्यांचंच पुन्हा भरून दिलं. या सगळ्यांचं ऐकून माझं एक ठाम मत झालं आहे. दुपारच्या उन्हाला कंटाळून फार थोडे लोक घर सोडतात. बाकीचे घर सोडतात ते रात्रीमुळे.

पण आधी येणाऱ्यांबद्दल बोलायला हवं, कारण ऊन हवंसं वाटणं ही नुसती हौस आहे असं अनेकांना वाटतं आणि मला ते पटत नाही. एक निवृत्त शिक्षिका माझ्या ग्राहक होत्या. त्या जिथे नोकरीला होत्या तिथे हिवाळ्यात शाळेत जाताना अंधार आणि घरी परततानाही अंधार. यादी करता करता मला म्हणाल्या, “चार महिने मला कुणाशी बोलावंसंच वाटायचं नाही. घरचे म्हणायचे, हिचा स्वभावच तसा झालाय. इकडे आले आणि महिन्याभरात तो स्वभाव कुठे गेला कळलं नाही.” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होत्या.

हा आजार आहे, आणि त्याला वैद्यकशास्त्रात मान्यता आहे. नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि प्रखर प्रकाशाने त्यावर उपचार होऊ शकतो असं मांडलं. त्यासाठी आज जे दिवे वापरतात त्यांची तीव्रता साधारण १०,००० लक्स असते; लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. आपण संध्याकाळी दिवा लावून घरात बसतो तिथे बहुधा १०० ते ३०० लक्स प्रकाश असतो. भर उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो. डोळे इतक्या सफाईने जुळवून घेतात की हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवतही नाही. शरीराला मात्र तो कळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आहे हे त्या मेंदूला कळवत राहतात, आणि झोपेचं, जागेपणाचं चक्र त्यावर बेततं. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेतल्यावर माणूस जागा होतो, तो असा.

येणारे आणखीही बरंच सांगतात. गुडघे कमी दुखतात, हे तर फार जण. संशोधकांचं यावर एकमत नाही, पण सकाळी उठल्याबरोबर कुडकुडत न बसता चालायला बाहेर पडणाऱ्या माणसाचे गुडघे चालल्यामुळे सैल होत असतील, तर मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही. आणि कपडे! थंडीच्या गावात घराबाहेर पडायचं म्हणजे थरावर थर चढवायचे, बूट, मोजे, टोपी. लहान मूल असेल तर तेवढ्यात पाऊण तास जातो. इथे आलेली एक आई मला म्हणाली, “ताई, इथे मी दार उघडते आणि पोर बाहेर.” तिने आणलेले सगळे जाड कोट मी देणगीच्या ढिगात ठेवले तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. एकही परत काढून घेतला नाही तिने.

मुलांनी बाहेर खेळण्याचं महत्त्व मला एका अभ्यासाने नीट पटवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसत होतं, सिडनीत फक्त ३.३ टक्के मुलांना. पालकांच्या दृष्टिदोषाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. मोठा फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळात. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर असायची, सिंगापूरची जेमतेम तीन तास. आता सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, तिथे उन्हाची वाण नाही. पण ऊन आकाशात असून भागत नाही, ते अंगावर यायला हवं, आणि त्यासाठी बाहेर पडता यायला हवं. ज्या उबदार गावात वर्षातले चार महिने सकाळी आठनंतर बाहेर पडवत नाही, त्या गावातली मुलं पडदे ओढलेल्या खोलीत बसून असतात. त्यांचं बालपण आणि थंड प्रदेशातल्या मुलांचा हिवाळा यांत मला फारसा फरक दिसत नाही. यादी करायला गेले की भर दुपारी दिवे लावलेली घरं मी सतत बघते.

इथे कुणीही म्हणेल की माणसाला सगळ्याची सवय होते. या म्हणण्याला चांगला आधार आहे. डेव्हिड श्केड आणि डॅनिअल कानेमन या दोघांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या कडक हिवाळ्याच्या भागातले आणि कॅलिफोर्नियातले विद्यार्थी त्यांनी घेतले आणि आयुष्याबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं. दोन्हीकडचे सारखेच समाधानी निघाले. पण तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी त्या दुसऱ्या भागात राहत असेल तर तो किती समाधानी असेल, असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियावाला जास्त सुखी असेल असं सांगितलं. म्हणजे दोन जागांची तुलना करायला बसलो की हवामान डोळ्यांत भरतं, पण रोजच्या जगण्यात ते एवढं मोठं उरत नाही. तिथे अभ्यास असतो, मित्र असतात, पैशाची काळजी असते.

मला हा अभ्यास फार आवडतो, आणि येणाऱ्या लोकांना मी तो सांगतेही. निळ्या आकाशाची सवय होते, हे अगदी खरं. पहिल्या वर्षी रोज फोटो काढणारी माणसं तिसऱ्या वर्षी पडदा सरकवून बाहेर बघतही नाहीत. पण एका गोष्टीची सवय झालेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि ती म्हणजे अपुरी झोप.

घर बघताना आता माझी नजर आधी गाद्यांकडे जाते. झोपायच्या खोल्या तीन आणि त्या तिन्हींतले पलंग रिकामे, चादरीसुद्धा न विस्कटलेल्या. आणि दिवाणखान्यात जमिनीवर ओळीने गाद्या. म्हणजे सगळं घर एकाच वातानुकूलन यंत्राच्या गारव्यात झोपतं आहे. नवरा, बायको, वाढत्या वयाची मुलं, आजी. कुणाला उशिरापर्यंत वाचायचं असतं, कुणी घोरतं, कुणाला पहाटेची पाळी असते. असे उन्हाळे एकामागून एक काढलेलं घर पुढे टिकत नाही. फॉर्मवर ते ‘नोकरी’ असं लिहितात. पण नोकरी शोधायला सुरुवात कधी केली असं सहज विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. उन्हाळा संपता संपता.

यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. गाढ झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं. झोपेच्या वेळी हातापायांकडे रक्त वाढतं आणि त्वचेतून उष्णता बाहेर टाकली जाते. खोलीच तापलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठे? माणूस कूस बदलत राहतो, उशी उलटी करत राहतो, पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि सकाळी उठतो तो चिडलेला. एक-दोन रात्रींत काही बिघडत नाही. पण अशा रात्री महिना-महिना चालू राहिल्या की आधी कामं चुकतात, मग घरात शब्दाला शब्द लागतो. युरोपातले हवामानतज्ज्ञ पारा २० अंशांच्या खाली न उतरणाऱ्या रात्रींची वेगळी नोंद ठेवतात, ती उगीच नाही. आमच्यासाठी २० अंशांची रात्र म्हणजे सुख, पण नोंद ठेवण्यामागचा विचार महत्त्वाचा. दिवस किती तापला यापेक्षा रात्र किती उतरली हे बघायला हवं.

ऊन शोधत माणसं जातात त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फीनिक्स. १९५० मध्ये तिथली वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती सोळा लाखांवर गेली. जवळच सन सिटी नावाची निवृत्तांची वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली, नावातच सूर्य घेऊन. हे सगळं वातानुकूलन यंत्रांमुळे शक्य झालं. गंमत म्हणजे विलिस कॅरियरने १९०२ मध्ये या यंत्राचा आराखडा केला तो माणसांसाठी नव्हताच. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमटपणाने कागद फुगत-आकसत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते, त्यासाठी. पुढे ते यंत्र खिडकीत आलं आणि वाळवंटात शहरं फुगली.

त्याच फीनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंश किंवा त्याहून वर गेला. जगभर बातमी झाली ती या आकड्याची. मला जास्त भयंकर वाटतो तो दुसरा आकडा. त्या जुलैत ओळीने १६ दिवस किमान तापमान ३२.२ अंशांच्या खाली आलंच नाही, आणि एके दिवशी तर रात्रीतलं सगळ्यात कमी तापमानच ३६ अंशांच्या वर होतं. म्हणजे पहाटेही हवा शरीराच्या तापमानाला टेकलेली. ज्या मॅरिकोपा काउंटीत हे शहर आहे तिथे त्या वर्षी उष्णतेमुळे ६४५ माणसं गेली. छप्पर नसलेली, म्हातारी, यंत्र बंद पडलेल्या घरांत अडकलेली. ज्या उन्हाच्या जाहिराती करून माणसं बोलावली, त्याच उन्हात. हे वाचून मी बराच वेळ काही काम करू शकले नव्हते.

शहरात रात्र उतरत नाही याचं कारण शहरच आहे, आणि हे नवं ज्ञान नाही. ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये वर्षानुवर्षं तापमान नोंदवलं. आसपासच्या खेड्यांपेक्षा शहरातल्या रात्री सरासरीने सुमारे दोन अंशांनी उबदार भरल्या. दिवसा जवळजवळ काहीच फरक नव्हता. तेव्हा मोटारी नव्हत्या, यंत्रं नव्हती, तरीही. काँक्रीट, डांबर, विटा दिवसभर ऊन पितात आणि सूर्य बुडाला की ते सोडायला लागतात. पश्चिमेकडची भिंत रात्री दहा वाजताही चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी लागते. हात लावून बघा. त्यात आता प्रत्येक घरातलं यंत्र आतली उष्णता गल्लीत ओततं. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्या खिडकीत ती जाते. यावर आमच्याकडे कुणी फारसं बोलत नाही, पण मला ते सलतं.

कोरड्या प्रदेशाची गोष्ट थोडी वेगळी असते. दिवसा जमीन जितकी तापते तितकीच रात्री ती उष्णता आकाशाकडे निघून जाते, कारण वर तिला अडवायला बाष्प कमी असतं. म्हणून मोकळ्या वाळवंटात पहाटे शाल लागते. दमट किनाऱ्यावर हवेतलं बाष्प ती उष्णता धरून ठेवतं, आणि वर घामही वाळत नाही. घामाने गारवा येतो तो घाम उडून गेल्यामुळे, नुसता निथळून नाही. त्यामुळे ‘कमाल ३४’ ऐकून दमट गावाची निवड करणारे आणि ‘कमाल ४१’ ऐकून कोरड्या गावाला नाही म्हणणारे ग्राहक भेटले की मला त्यांना थांबवावंसं वाटतं. ३४ वाल्या गावात रात्री २९ असेल आणि ४१ वाल्या गावात २२.

जुन्या वस्त्यांनी ही रात्र आपापल्या परीने सोडवलेली दिसते. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं ओपल रत्नांच्या खाणींचं गाव आहे. १९१५ मध्ये तिथे ओपल सापडलं, आणि खाणकामगारांनी जमिनीखाली खोदून घरंही केली. वर रणरणतं वाळवंट, आत वर्षभर चोवीस अंशांच्या आसपास. पर्थमध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून जो वारा सुटतो त्याला लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. वाऱ्याला डॉक्टर म्हणावंसं वाटतं म्हणजे त्याने किती जीव गार केले असतील! आणि काही गावं मुळातच उंचावर आहेत. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरीने साडेसहा अंशांनी गार होते. नैरोबी विषुववृत्ताजवळ असूनही सुमारे १,८०० मीटरवर आहे. कोलंबियातलं मेडेलिन दीड हजारांवर. तिथे उन्हाचे दिवस मिळतात आणि रात्री पांघरूणही लागतं. कुणी मला विचारलं की उबदार गाव कसं निवडावं, तर मी म्हणते, नकाशावर आधी उंची बघा, मग समुद्राचा वारा कुठून येतो ते बघा.

सोडण्याची बाकीची कारणं आहेतच. त्वचेचा कर्करोग हे एक. त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे, आणि १९८१ पासून तिथे सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे. पाणी हे दुसरं. २०१८ मध्ये केप टाउनसारख्या सुंदर, उन्हाने न्हालेल्या शहरात माणशी दिवसाला फक्त ५० लिटर पाण्याची मर्यादा आली होती. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, संडास, सगळं त्यात.

एका कारणाबद्दल मात्र मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण ते ऐकेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. एक तरुण जोडपं इथे सुखात होतं. पगार चांगला, मुलगी लहान, घर हवेशीर. तरी निघाले. मी विचारलं तर तो मुलगा म्हणाला, “इथे मला काही आठवत नाही. मुलगी पहिल्यांदा चालली तो महिना कुठला, आई येऊन राहिली ते कधी, आम्ही भांडलो ते कधी, काही सांगता येत नाही. सगळ्या आठवणींत तेच ऊन आहे.” त्यांना पानगळ हवी होती. पहिला गारठा हवा होता. वर्ष पुढे सरकतं आहे हे खिडकीतून दिसायला हवं होतं. मी इथेच वाढलेली, मला ऋतूंचे बारीक फरक कळतात; कुठल्या महिन्यात उन्हाचा कवडसा फरशीवर कुठपर्यंत येतो हे मला न बघता सांगता येतं. बाहेरून आलेल्याला ते दिसायला बराच काळ जावा लागतो, आणि सगळ्यांना तेवढा धीर नसतो. त्यांची यादी करताना मला खरंच वाईट वाटलं.

वय हेही कारण मोठं. ऊन शोधत येणारे बरेच जण साठीत येतात, आणि ऐंशीच्या घरात तेच ऊन त्यांना झेपेनासं होतं. माझ्या सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांना तहान लागत नाही. म्हणजे शरीराला पाणी हवं असतं, पण वयाबरोबर ती जाणीवच मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यापासून मी घरभर पाण्याचे पेले ठेवते आणि रिकामे झालेत का बघते. तरण्या माणसाचं शरीर एक-दोन आठवड्यांत उकाड्याशी जुळवून घेतं; घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं. म्हाताऱ्या शरीराला हे इतक्या सहजी जमत नाही. तरुण, धडधाकट माणसांचीही सीमा आपण समजत होतो त्यापेक्षा खाली आहे. घामाने शरीर गार होऊ शकेल अशी शेवटची मर्यादा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावरच्या ३५ अंशांची मानली जायची. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण स्वयंसेवकांवर प्रयोग करून २०२२ मध्ये दाखवलं की दमट हवेत ती ३१ च्या आसपासच आहे. हे वाचल्यापासून वीज गेली की मी आधी सासूबाईंच्या खोलीत जाते.

मग मी का राहते, असं ग्राहक मला उलटं विचारतात. मला ही जागा मनापासून आवडते, म्हणून. सकाळी सहाला उजेडात जाग येते. संध्याकाळी उन्हं उतरली की गल्लीतले सगळे बाहेर येतात, आणि अंधार पडेपर्यंत कुणी आत जात नाही. थंडीच्या गावात शेजाऱ्याचं नाव कळायला वसंत उजाडावा लागतो असं तिकडून आलेलेच सांगतात. पण मी राहू शकते यामागे आम्ही केलेले बदल आहेत, आणि ते मी सगळ्यांना सांगते. नवऱ्याला रात्रपाळी असते, त्याला दिवसा झोपावं लागतं, म्हणून घरातली सगळ्यात आतली, उत्तरेची खोली त्याची. पश्चिमेच्या खोलीत आता कुणीच झोपत नाही, तिथे कपाटं आणि पुस्तकं. पडदे आम्ही आतून लावायचे सोडून दिले. खिडकीबाहेर झडपा लावल्या, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवून फार उपयोग नसतो, उष्णता घरात आलेलीच असते. गच्चीला पांढरा रंग दिला. पश्चिमेला एक झाड आहे, ते सगळ्यांत मोलाचं. दिवसा खिडक्या बंद, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या उघड्या. हे रोजचं काम आहे, आणि ते करायला घरात कुणीतरी माणूस लागतं. भाड्याच्या घरात गच्ची रंगवता येत नाही, झाड लावता येत नाही. निघणाऱ्यांत भाडेकरूच जास्त असतात, ते त्यामुळेही असावं असं मला वाटतं.

पुढच्या महिन्यात एक काका-काकू ढगाळ प्रदेशातून इकडे येणार आहेत. काकूंच्या मनाला हिवाळा फार छळतो, त्यामुळे येऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी हिवाळ्यात येऊन दोन घरं बघून ठेवली आहेत. दोन्ही सुंदर, एकाला पश्चिमेकडे मोठी काचेची भिंत, तिथून सूर्यास्त दिसतो. काकांना तेच हवं आहे. मी त्यांना फोनवर सांगितलं, “काका, सही करायच्या आधी भर उन्हाळ्यात एकदा या. दोन्ही घरांत एकेक रात्र झोपा, यंत्र बंद ठेवून. काकूंना त्रास व्हायला लागला तर लगेच चालू करा, अंगावर काढू नका. उशाशी पाणी ठेवा आणि एक तापमापक ठेवा. पहाटे चारला खोलीत किती होतं ते मला कळवा, मग आपण सामानाचं बोलू.”